देवीला सांगितलेला खुनी

"खुनी कोण ता आधी माका सांग, मगे मी गाऱ्हाणा घालतंय," असं म्हणून भिकाजीकाकांनी नारळ पुन्हा पिशवीत ठेवला आणि अंगणातल्या बाकड्यावर पाय वर घेऊन ते ऐसपैस बसले.

रविकांत धुरींच्या हातातला चहाचा पेला हातातच राहिला. रहस्यकथा लिहिता लिहिता त्यांचे केस पांढरे झाले होते, पण पुस्तक संपण्याआधी खुनी कोण हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. प्रकाशकाला नाही, बायकोला नाही. एकदा ताप चढला तेव्हा बरळताना नाव तोंडून जाईल या धास्तीने त्यांनी बायकोला, म्हणजे किशोरीवहिनींना, चक्क पडवीत झोपायला लावलं होतं. आणि आज धामापूरच्या त्यांच्या घरासमोर मांडव पडला होता, रहस्यप्रेमींच्या मेळाव्याला कुठून कुठून गाड्या भरून वाचक येत होते, आणि गावचे मानकरी शांतपणे तेच नाव विचारत होते.

"काकानू, गाऱ्हाण्यात खुनी कित्याक व्हयो? कार्यक्रम नीट पार पडांदे, पुस्तक लोकांक आवडांदे, इतक्या म्हटल्यात तरी पुरे."

"पुस्तकात काय आसा ता देवीक नको कळूक?"

"खून आसा."

"कोणी केल्यान?"

"अवो, ताच तर सांगूचा नसता!"

"माणसांक नसता," काका म्हणाले. "देवीक सांगूचा लागता. अर्धा सांगलंस आणि अर्धा लपवलंस तर ता गाऱ्हाणा नाय, ती फसवणूक. बाबलीन होडी पाण्यात घालताना भागीदाराचा नाव लपवल्यान. काय झाला? पयल्याच दिवशी होडी रेवेत रुतली. वांगडा भागीदारय रुतलो."

रविकांतांचा नायक इन्स्पेक्टर सर्वोत्तम पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नसे. त्याचे लेखक मात्र भगवतीच्या देवळावरून जाताना चप्पल काढून, डोळे मिटून उभे राहिल्याशिवाय पुढे जात नसत. गावात कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. देवाला मोठ्याने हाक मारायची, कोण काय करतंय ते सांगायचं, राखण मागायची, आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते टाळायची छाती रविकांतांना नव्हती. त्यांनी चहूकडे पाहिलं, तोंड काकांच्या कानाशी नेलं आणि कोणी, कोणाला, कसं मारलं ते नावासकट सगळं सांगितलं.

"अरे द्येवा! ती?" काका दचकले. "दिसता तर बरी हो!"

"काकानू, ह्या कोणा माणसाक सांगूचा नाय."

"देवीशपथ. माणसाक सांगूचंय नाय."

रविकांतांना हायसं वाटलं. मानकऱ्याने देवीची शपथ घेतली म्हणजे विषय संपला.

एका नावासाठी एवढा जीव टांगणीला लागण्याचं कारण होतं आरोही. ही वैभववाडीची मुलगी, कॉलेजात गणित शिकवणारी. मेळाव्याआधी दरवर्षी रविकांतांच्या नव्या कादंबरीची शेवटचं प्रकरण वगळून केलेली प्रत वाचकांना मिळत असे. मेळाव्याच्या दिवशी प्रत्येकाने खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून तांब्याच्या घागरीत टाकायचं आणि संध्याकाळी लेखकाने शेवटचं प्रकरण वाचून दाखवायचं. आरोही दरवर्षी बरोबर ओळखायची. ते एक वेळ चाललं असतं, पण ती नंतर येऊन "सर, या वेळी जरा सोपं होतं हं," असं इतक्या मायेने सांगायची की रविकांतांना जेवण जात नसे. गेल्या वर्षी त्यांचा तोल सुटला. माईक हिसकावून ते भर मांडवात म्हणाले होते, "पुढच्या वर्षी माझ्या एकाही वाचकाने खुनी ओळखला, तर हे पेन मी धामापूरच्या तळ्यात फेकून देईन आणि पुन्हा लिहिणार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविकांतांना दुसऱ्या दिवशी घाम फुटला, पण तोवर बोललेला शब्द न शब्द कोणीतरी मोबाइलवर टिपून जगभर पाठवला होता.

म्हणून या वेळच्या 'खाडीपलीकडचा दिवा'वर त्यांनी वर्षभर रक्त आटवलं होतं. शेवटचं प्रकरण हाताने लिहिलं होतं आणि त्याची दुसरी प्रत काढली नव्हती. पेन हेच त्यांचं सगळं आयुष्य होतं. ते गेलं तर बागेतले नारळ मोजण्यापलीकडे त्यांना काम उरणार नव्हतं.

दिवस चढला तसा मांडव फुलला. एक गृहस्थ गुप्तहेरासारखा लांब कोट घालून आले होते आणि मालवणच्या उकाड्यात कोटासकट विरघळत होते. मुंबईच्या पद्मावती सामंत आणि खारेपाटणचा किरण तावडे हे रविकांतांचे जुने लेखकमित्र वाचकांच्या गराड्यात सह्या देत होते. तिघांची मैत्री अशी की दरवर्षी ते एकमेकांना आपापल्या पुस्तकात मारायचे. पद्मावतीबाईंनी रविकांतांना दोनदा विष घातलं होतं आणि किरणने पद्मावतीबाईंना विहिरीत ढकललं होतं. ज्याचा खून होई तो सगळ्यांना जेवण देई.

मेळाव्याची सूत्रं किरणकडे होती. गाऱ्हाणं म्हणजे शहरातल्या पाहुण्यांना मेजवानी, हे त्याने ओळखलं. भिकाजीकाकांना त्याने व्यासपीठावर आणून उभं केलं आणि त्यांच्या तोंडासमोर माईक धरला. पहिल्या रांगेत बसलेल्या रविकांतांना त्यात वावगं काही दिसलं नाही. शपथ झाली होती ना!

"बा देवी भगवती म्हाराजा!" काकांचा आवाज माईक नसतानाही तळ्यापलीकडे जाई. आता तर झाडावरचे कावळे उडाले.

"व्हय म्हाराजा!" गावकऱ्यांनी साथ दिली. पाहुण्यांनी पटापट मोबाइल वर केले.

"आज ह्या तुझ्या धामापूर गावात, तुझ्या लेकरान, रविकांतान, चार पावण्यांक जमवून जो काय घाट घातल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!" आता पाहुणेही सामील झाले.

"तेका यश दी. पावणे इले तसे सुखरूप घराक जावंदेत. कोणाच्या घशात काटो अडकू नको. लाइट जाव नको."

"व्हय म्हाराजा!"

"तेना पुस्तक लिवल्यान हा. तेच्यात नाना खोत म्हणान एक बागायतदार आसा, तेका कोणीतरी इख घालून मारल्यान. खून झालो खरो, म्हाराजा, पण तो ह्या रविकांतान करूक नाय!"

"व्हय म्हाराजा!"

रविकांत खुर्चीतून अर्धवट उठले.

"तो खून डॉक्टराची बायल सुलभा, तिना केल्यान! फणसाच्या सांदणात इख घालून केल्यान! तेचा पाप तिच्या पदरात घाल, ह्या लिवणाऱ्याच्या डोक्यार घालू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

साथ अर्ध्यावर तुटली. कोटवाल्या गृहस्थांच्या हातातून पंखा खाली पडला. भिकाजीकाकांनी नारळ फोडला, दोन्ही भकलं निरखून पाहिली आणि माईकवर समाधानाने सांगितलं, "नारळ बरो फुटलो हा."

रविकांत उठले होते तसेच मागे बसले, पण खुर्ची तोवर सरकली होती.

पडवीच्या खोलीत त्यांना आणून बसवलं तेव्हा ते पांढरेफटक पडले होते. पद्मावतीबाई पदराने वारा घालत होत्या आणि किरण खोलीत येरझाऱ्या घालत होता.

"संपलं," रविकांत म्हणाले. "पेन गेलं माझं. सगळं संपलं."

"काही संपलेलं नाही," पद्मावतीबाई म्हणाल्या. "खुनी बदल."

"संध्याकाळच्या आत?"

"मी तर पुस्तक छापायला गेल्यावर बदललाय एकदा. उरलेल्यांत कोण आहे?"

"पुतण्या आहे. कंपाउंडर आहे."

"कंपाउंडरला अडकवू," किरण थांबून म्हणाला. "पहिल्यापासून गप्प गप्प असतो तो. संशय येतो."

"अरे, मुका आहे तो!"

"मग तर उत्तमच. नाही म्हणणार नाही."

दोघांनी कागद ओढले आणि मुक्या कंपाउंडरला फासावर चढवायला घेतलं. मित्राचं पेन वाचवायचं म्हणून पद्मावतीबाई इतक्या जोमाने लिहू लागल्या की त्यांच्या हातून कंपाउंडरने आणखी एक खून केला. किरण मध्येच उठून बाहेर जाऊन आला. तेवढ्यात खोबऱ्याचा तुकडा चघळत भिकाजीकाका दारात आले.

"काकानू!" रविकांतांचा आवाज चिरकला. "तुमी शपथ घेतल्यात! कोणाक सांगूचंय नाय म्हणालात!"

"माणसाक सांगूचंय नाय म्हटलंय," काका जराही न डगमगता म्हणाले. "मी माणसाक सांगलंय? मी देवीक सांगलंय. माणसा बाजूक बसान आयकत होती, तेका मी काय करू?"

या बचावापुढे इन्स्पेक्टर सर्वोत्तमनेही बेड्या परत खिशात घातल्या असत्या.

काकांची नजर कागदांवर गेली. "ह्या काय चल्लाहा?"

"खुनी बदलतोय आम्ही," पद्मावतीबाईंनी सांगून टाकलं.

काकांचं चघळणं थांबलं. "बदलतास? म्हणजे मी देवीक खोटा सांगलंय?" त्यांचे डोळे भरून आले. "रवी, तुझ्या बापाशीच्या लग्नाचा गाऱ्हाणा माझ्या बापाशीन घातल्यान. तुझ्या लग्नाचा मी घातलंय. ह्या तोंडातसून देवीसमोर एक शबुद खोटो गेलो नाय. आता त्या कंपाउंडरासाठी माका खोटो पाडतंस?"

रविकांतांनी काकांकडे पाहिलं, मग कंपाउंडरच्या फासाकडे पाहिलं. त्यांना भयंकर वाईट वाटलं. काकांचं वाटलंच, पण त्या मुक्याचंही वाटलं. वर्षभर ते या माणसांबरोबर राहिले होते.

"फाडा ते," ते म्हणाले. "सुलभाबाईनेच मारलंय त्याला. मला माहीत आहे. काकांना खोटं पाडून आणि त्या गरिबाला लटकवून मला पेन नको. आहे तेच प्रकरण वाचतो आणि तळ्यावर जातो. द्या माझे कागद."

कोणी कागद देईना. किरण भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे टक लावून पाहू लागला.

"किरण, माझं प्रकरण कुठाय?"

"रवी, तू चिडू नकोस. खुनी बदलल्यावर पहिला पुरावा नष्ट करायला हवा की नको? आपण आयुष्यभर तेच लिहीत आलो ना? म्हणून मघाशी ते मी... मथुराच्या चुलीत घातलं."

मागच्या दारी स्वयंपाकाला आलेली मथुरा भाताच्या टोपाखाली जाळ सारत होती. "आज भात झटक्यान शिजलो गे बाये," असं ती कोणालातरी कौतुकाने सांगत होती. वर्षभराचं रक्त आटवून लिहिलेलं प्रकरण सगळ्या पाहुण्यांच्या पानात वाढलं जाणार होतं. रविकांतांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यांच्या कंपाउंडरची अडचण त्यांना प्रथमच नीट कळली.

जेवणाची पंगत बसली तेव्हा त्यांनी खोलीबाहेर यायला नकार दिला. किरण आणि पद्मावतीबाई तेवढे गेले, आणि थोड्याच वेळात पद्मावतीबाई कढीने माखलेला हात तसाच घेऊन धावत परत आल्या.

"रवी, कोणाचा विश्वासच नाही बसलेला!"

"कशावर?"

"सुलभावर! सगळे म्हणतायत, काय डोकं आहे माणसाचं! भर मांडवात, देवाच्या नावाने, खोटा खुनी पेरला! तो कोटवाला सांगतोय, 'इतका मोठा लेखक खरं नाव असं फुटू देईल होय? त्या म्हाताऱ्याला तालीम दिलेली दिसत होती.' घागरीतल्या चिठ्ठ्या परत मागून बदलतायत लोक. किरण ज्याची त्याला परत देतोय."

रविकांत उठून खिडकीशी गेले. मांडवात खरोखरच घागरीभोवती झुंबड उडाली होती. सुरमईचा तुकडा एका हातात आणि पेन्सिल दुसऱ्या हातात घेऊन लोक हिरिरीने वाद घालत होते. काकांसारखा सत्यवचनी, भोळा, देवभक्त माणूस समोर असूनही त्यांच्यातल्या एकाचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. जन्मभर आपण वाचकांना संशय घ्यायला शिकवलं, त्याचं हे फळ पाहून रविकांत थक्क झाले.

ऊन तळ्याकडे कललं तेव्हा ते रिकाम्या हाताने व्यासपीठावर चढले. आजवर त्यांनी कधी कागदाशिवाय चार वाक्यं बोललेली नव्हती. सुरुवातीला ते अडखळले. मग सर्वोत्तमने सगळ्यांना खोतांच्या ओटीवर बसवलं, फणसाच्या वाफवलेल्या सांदणांची ताटली मधे ठेवली, आणि रविकांत विसरले की कागद नाही. आपल्या आईच्या बोलीत, हातवारे करत, सुलभाबाई कशी बोलली असेल तशी ते बोलू लागले.

"'व्हय, मी मारलंय,' ती म्हणाली. 'माझ्या घोवाक, डॉक्टराक, ह्या नानान खोट्या सर्टिफिकेटापायी जन्मभर दावणीक बांधून ठेवल्यान. शिक्षा माकाच होवची असात तर होवंदे. पण सांदणा माझ्याच हातची होती, तेच्यात दुसऱ्या कोणाचो हात नाय.' डॉक्टरीणबाई सुलभा उठली आणि तिने आपणहून दोन्ही हात पुढे केले."

मांडव सुन्न झाला. आणि त्या शांततेत मागच्या बाकड्यावरून, सवयीने, भिकाजीकाकांची आरोळी आली:

"व्हय म्हाराजा!"

कोटवाले गृहस्थ ताडकन उठले. "म्हणजे खरंच तीच? आम्हाला सकाळी उघड उघड सांगून फसवलंत?" त्यांनी डोक्याला हात लावला आणि मग तोच हात दुसऱ्या हातावर असा हाणला की सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. लोक खुर्च्यांवर चढले. पद्मावतीबाई रडत होत्या आणि किरण रविकांतांच्या गळ्यात पडून "चुलीचं माफ कर रे," असं पुटपुटत होता.

घागर पालथी झाली. किरण एकेक चिठ्ठी वाचू लागला. कंपाउंडर, कंपाउंडर, पुतण्या, पुन्हा कंपाउंडर. एकाने नाना खोतांनीच आत्महत्या केल्याचं लिहिलं होतं. एकाने तर 'भिकाजी गावकर' असं नाव टाकलं होतं, ते ऐकून काका उठून उभे राहिले आणि त्यांना खाली बसवावं लागलं. आरोहीच्या चिठ्ठीवरही कंपाउंडरच होता. रविकांतांच्या छातीवरचा दगड उतरला.

मग किरणने तळातली एक चिठ्ठी उघडली आणि ती मनातल्या मनात दोनदा वाचली. "डॉक्टरांची बायको... सुलभा."

रविकांतांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

"नाव काय आहे खाली?"

"किशोरी धुरी."

सगळ्या माना वळल्या. किशोरीवहिनी वाढायची पळी हातात घेऊन मागे उभ्या होत्या.

"अवो, असा काय बघतास?" त्या गोंधळल्या. "काकांनी देवीक सांगल्यानी. ते देवीसमोर खोटा कित्याक बोलतीत? म्हणान लिवलंय."

"किशोरी," रविकांत कळवळून म्हणाले, "तू ओळखलंस. माझ्या वाचकानेच ओळखलं. आता तळं..."

"मी खंयची वाचक?" वहिनी म्हणाल्या. "मी तुमचा एकय पुस्तक वाचूक नाय."

"एकही?"

"नाय."

"पण लग्न झाल्यापासून तू दर पुस्तकाला 'बरा जमलाहा' म्हणत आलीस!"

"तुमी इतके खूश होऊन विचारतास, मगे काय म्हणतलंय? माका रक्ताची भीती वाटता."

रविकांतांचं पेन वाचलं. वाचक नव्हतीच, तेव्हा वाचकाने ओळखण्याचा प्रश्न नव्हता. कोटवाल्यांनी तसा निवाडा दिला आणि सगळ्यांनी तो डोक्यावर घेतला. सुटल्याचा आनंद मानावा की आपल्याच घरातलं एवढं मोठं रहस्य इतकी वर्षं आपल्याला उलगडलं नाही म्हणून तोंड लपवावं, हे रविकांतांना कळेना. शेवटी त्यांनी आनंद निवडला. बायकोशी नंतर बोलता आलं असतं.

ते मागच्या बाकड्याशी गेले आणि काकांच्या पायांना हात लावला. "काकानू, लाज राखल्यात. फुडल्या वर्षी गाऱ्हाणा तुमीच घालूचा. आणि माईकवरच घालूचा. सगळ्यांसमोर सांगतंय."

"घालतलंय की," काका म्हणाले. "पण देवीक अर्धा सांगूचा नाय हां. सगळा सांगूक व्हया."

"सगळा सांगतंय. माझो शबुद."

ते वळले तर समोर आरोही उभी होती. आज तिच्या चेहऱ्यावर ती नेहमीची माया नव्हती, उलट ती थोडी चिडलेली दिसत होती.

"सर, एक विचारू? सकाळी गाऱ्हाण्याच्या आधी मी चिठ्ठी टाकली होती. काय लिहिलं होतं माहितीये?"

रविकांतांनी मान हलवली.

"सुलभा. सांदणं फक्त तीच करते ना गावात, दुसऱ्या प्रकरणातच लिहिलंय तुम्ही. जरा सोपंच होतं. मग काकांनी भर मांडवात तिचं नाव घेतलं. मला वाटलं, ज्या अर्थी उघड सांगतायत त्या अर्थी ती नक्कीच नाही. म्हणून मी चिठ्ठी बदलली."

रविकांतांनी खिसा चाचपून पेन जागेवर आहे ना ते पाहिलं. म्हणजे सकाळपासून त्यांचं पेन तळ्यात पडलेलंच होतं. काकांनी ते ओरडून, सगळ्या गावाला ऐकवून, बाहेर काढलं होतं. देवीने गाऱ्हाणं ऐकलं होतं ते असं. त्यांनी देवळाच्या दिशेने हात जोडले आणि जोडलेले हात तसेच राहिले, कारण आरोहीचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

तिने पर्स खांद्याला अडकवली आणि आपल्या घरच्या बोलीत, अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, फुडल्या वर्षी मी पुस्तक वाचूचंयच नाय. गाऱ्हाण्याक तेवढी येतलंय."